सिरियस नाही ना?

सिरियस हा शब्द मी अकरा वर्षांची असताना शिकले आणि अडुसष्टाव्या वर्षी तो चुकीच्या दिवशी लिहिला. या वहीत मी माझ्या लहानपणाचं लिहीत आले आहे. उल्हासनगरला मामाच्या बराकीत राहत होते तिथपर्यंत आले, दारात तारवाला येऊन उभा राहिला, आणि तिथं महिनाभर पेन थांबलं. ती तार एकटी सांगता येत नाही. तिच्यासोबत माझी नात दीक्षा पोलंडला शिकायला गेली ते सांगावं लागतं, आणि त्या पाच महिन्यांत आमच्या घरात काय झालं तेही. म्हणून हे प्रकरण लहानपणातून उठून म्हातारपणात जातं आणि परत येतं. मला दुसऱ्या तऱ्हेनं सांगता येत नाही.

तेव्हा घरात आम्ही तिघी. मी, माझी मुलगी रेखा आणि रेखाची मुलगी दीक्षा. रेखाचा नवरा दुसरीकडे संसार करतो. त्याच्याबद्दल एवढं पुरे. माझा मुलगा विलास अंबरनाथ पूर्वेला त्याच्या बायकोमुलांबरोबर राहतो. आमचं घर मांजर्लीत, तळमजल्यावर. नदीचं पाणी दोनदा आत येऊन गेलं, त्याची रेघ ओट्याच्या वर चार बोटं अजून आहे. कितीही रंग द्या, पावसाळ्यात ती खालून वर येते. त्यामुळे आमच्याकडे जे महत्त्वाचं ते माळ्यावर. दीक्षाची मार्कशीटं, दाखले, पुढे पासपोर्टसुद्धा, सगळं एका निळ्या झाकणाच्या पिंपात. सकाळी साडेपाचला रेखाचा कुकर, सहाला तिची आंघोळीची बादली, साडेसहाला कंपनीची बस. ती आनंदनगरच्या एमआयडीसीत गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंगला सुपरवायझर होती. मीही तीस वर्षं पॅकिंगच केलं, पण माझ्या वेळी सुपरवायझर पुरुष असायचा आणि आम्ही मान वर करायची नाही. रेखा संध्याकाळी यायची तेव्हा तिच्या केसांना गोळ्यांचा कडू वास असायचा. डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय ती पिठाला हात लावत नसे. मग रेखा भाकऱ्या थापायची, दीक्षा ओट्याशी स्टूल घेऊन अभ्यास करायची, आणि मी त्या दोघींच्या मध्ये लसूण सोलत बसायचे. बोलणं फार नव्हतं. कुकर, मिक्सर, वरच्या मजल्यावरची पोरं धावायची तो आवाज, आणि दीक्षा पाठ करताना पेन दाताला आपटायची तो.

दीक्षा केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. एक दिवस कॉलेजातून आली आणि चप्पल न काढताच म्हणाली, "आजी, माझं एक्स्चेंजमध्ये सिलेक्शन झालं. एक सेमिस्टर पोलंडला."

"एक्स्चेंज म्हणजे?"

"म्हणजे इथली मुलं तिकडे शिकायला, तिकडची इकडे."

"मग त्यांची कुठंय? आपली द्यायची तर त्यांची दाखवा आधी."

रेखा आतून ओरडली, "येईल ना एखादी गोरी! आई, तुझ्या खोलीत झोपवू. पहाटे पाणी भरायला उठवत जा तिला, तुझी हौस भागेल."

मी हसले नाही, पण मला बरं वाटलं. मी चौथी शिकलेली बाई. माझ्या नातीला पलीकडच्या देशातल्या विद्यापीठानं नाव घेऊन बोलावलं होतं. ते पत्र मी तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं, इंग्रजीतूनच. अर्थ कळला नाही तरी तिचं नाव आलं की कळायचं. निघायच्या आधी आठ दिवस घरात नुसता भाजण्याकुटण्याचा वास. लसणाची चटणी, कारळ्याची चटणी, थालीपिठाची भाजणी. मी बोंबलाची चटणीही कुटायला घेतली तर दीक्षानं खलबत्ताच उचलून नेला. "आजी, बोंबील नको हां. विमान मधेच उतरवतील." विमानतळावर रेखा रडली नाही, दीक्षा रडली नाही, विलास रडला. त्याला कुठंही रडू येतं.

तिकडे दुपारचे तीन वाजले की आमच्याकडे साडेसात. ती फोनची वेळ ठरली. फोन पाण्याच्या माठाला टेकवून ठेवायचा आणि आम्ही दोघींनी समोर बसायचं. "जयभीम आजी, जयभीम मम्मी," असं म्हणत ती यायची, कानापर्यंत लोकरीची टोपी. साडेतीनला तिकडे अंधार पडतो म्हणाली. मला पटलं नाही, तर तिनं खिडकीतून दाखवला. होस्टेलच्या स्वयंपाकघरात तिनं लसणाची फोडणी दिली तर आगीची घंटा वाजली आणि सगळी पोरंपोरी स्वेटर घालून रस्त्यावर. ते सांगताना ती इतकी हसली की रेखाला ठसका लागला. पोरगी बदलत होती. आधी फोनवर आम्हाला विचारायची, आता सांगायला लागली होती. तिथं परीक्षा तोंडी असते, मास्तर समोर बसून विचारतात, मला आधी घाम फुटायचा, आता मीच त्यांना उलटं विचारते, असं म्हणाली. रेखा मला हळूच म्हणाली, "बघ, आपल्यापैकी कुणी कधी साहेबाला उलटं विचारलं होतं?"

डिसेंबर संपता संपता रेखाचे डोळे पिवळे झाले. कावीळ आमच्याकडे नवी नाही. तेल-मीठ बंद केलं, मुळ्याच्या पाल्याचा रस, उसाचा रस, नुसत्या वाफेवरच्या भाज्या. विलासनं डॉक्टरकडे नेलं, रक्त तपासलं, गोळ्या आणल्या. "आराम करा," डॉक्टर म्हणाले. चार दिवस आराम केला आणि रेखा कामावर गेली. दीक्षाला सांगायचं नाही हे तिनंच ठरवलं. तिला ट्यूबलाइटमध्ये आपले डोळे दिसतील म्हणून भीती. संध्याकाळी म्हणाली, "आई, ट्यूब बंद कर. भिंतीवरच्या फोटोवरचा पिवळा बल्ब इकडे लाव. सगळेच पिवळे दिसू." मी स्टुलावर चढून बल्ब बदलला. त्या उजेडात भिंत पिवळी, माठ पिवळा, मीही पिवळी.

फोन लागला आणि दीक्षा म्हणाली, "काय गं, कुणाची हळद आहे घरात?"

"तुझीच," रेखा म्हणाली. "पोरगा बघून ठेवलाय. एमआयडीसीतला. बॉयलरवर असतो."

"बॉयलरवर? मग त्याला म्हणावं इकडे ये, इथं शून्याच्या खाली आहे!"

दोघी हसल्या. मीही हसले. तो बल्ब महिनाभर तिथंच राहिला.

जानेवारीत रेखाचं पोट फुगलं, पाय सुजले. कामावर जाणं बंद झालं. एका दुपारी मी तिला भाताची पेज भरवत होते, बिनमिठाची. तिनं वाटी बाजूला केली. "आई, दिक्षूला बोलावून घे."

"परीक्षा सुरू होईल आता. चार पेपर आहेत. पेपर झाले की येतेच आहे."

"तू बोलावून घे."

"बघू," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बघ तू." आणि भिंतीकडे तोंड केलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. विलासलाही नाही. इथं पहिल्यांदा लिहिते आहे.

पाच-सहा दिवसांत ती असंबद्ध बोलायला लागली. उल्हासनगरच्या एका दवाखान्यात ठेवलं. विलासची बायको आणि पोरी आळीपाळीनं येत, पण रेखाजवळची खुर्ची मी सोडली नाही. रविवारी सकाळी तिनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आलीस? बूट बाहेर काढ, लादी पुसलीय."

तिला मी दीक्षा वाटले. मी म्हटलं, "काढते."

सोमवारी एक तरुण डॉक्टर आम्हाला बाजूला घेऊन गेला. लिव्हर काम करत नाही, मोठ्या दवाखान्यात हलवण्याच्या स्थितीत पेशंट नाही, असं काय काय म्हणाला. शेवटी म्हणाला, "पेशंट सिरियस आहे. कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या."

"सिरियस नाही ती," मी म्हटलं. "आत्ता पाणी मागितलं माझ्याकडे."

"आजी, सिरियस म्हणजे—"

"मला माहितीय सिरियस म्हणजे काय."

विलासनं माझा दंड धरून मला बाहेर आणलं. मला खरंच माहीत होतं. आता ती तार सांगते.

चौथी पास झाले तेव्हा मामीला बाळ झालं आणि ते सांभाळायला मला उल्हासनगरला पाठवलं. वडील रेल्वेत गँगमन, भुसावळकडे. मामा रंगाच्या कारखान्यात. त्याची खोली कॅम्पातल्या एका बराकीत, आणि आजूबाजूला सगळे सिंधी. आमच्या भिंतीला भिंत लागून एक कापडवाले होते, त्यांना सगळे दादा म्हणत, त्यांच्या बायकोला अमां. अमां पापड लाटायची. मी बाळ कडेवर घेऊन तिच्या दारात बसायचे आणि ती मला विस्तवावर पापड भाजायला शिकवायची. कड जळू द्यायची नाही, चिमट्यानं सारखा फिरवायचा. मामानं कबूल केलं होतं की जूनमध्ये मला तिथल्या शाळेत पाचवीत घालायचं. मामीनं तोंड वाकडं केलं होतं, पण मामाचा शब्द होता.

मे महिन्यातल्या दुपारी तार आली. मामा कामावर. तार इंग्रजीत. तार म्हटल्यावरच मामीनं बाळ छातीशी धरलं. मी तार दादांकडे नेली, मामी माझ्या मागं. त्यांनी चष्मा लावून वाचली, मग परत वाचली. मामीला म्हणाले, "बाई, इसके बाप का है। सीरियस लिखा है। फौरन बुलाया है।"

मामीनं जमिनीवर बसकण मारली आणि हंबरडा फोडला. तिच्या रडण्यानं बाळ रडायला लागलं.

"सिरियस माने?" मी दादांना विचारलं.

"माने... बहुत बीमार, बेटी।" पण ते माझ्याकडे न बघता तारेची घडी करत होते.

मी मामीला म्हटलं, आजारीच आहेत ना, मग रडतेस कशाला? बाबांना पापड आवडायचा. अमांनी मला दोन डझन पापड कागदात बांधून दिले. मामाबरोबर गाडीत मी ते मांडीवर धरून बसले होते. वाटेत मामाला सारखी सांगत होते की बाबांच्या तोंडाला चव नसेल तर पापड भाजून देईन, आजारी माणसाला पापड चालतो. मामा खिडकीबाहेर बघत होता. एकदा म्हणाला, "चालतो." एवढंच.

दारात पोचले तर आईचं कपाळ मोकळं होतं. वडिलांना आदल्या दिवशीच नेलं होतं. ते आजारी पडलेच नव्हते. रुळावर काम करताना इंजिनानं उडवलं, जागच्या जागी. तार केली तेव्हा ते मेलेले होते. एक मिनिटसुद्धा ते सिरियस नव्हते. आई म्हणाली, "बाबा गेले." मी विचारलं, "कुठं?" कुणीतरी बाई म्हणाली, "एवढी घोडी झाली, कुठं काय विचारतेस?" पापडांचा चुरा झाला होता. आम्ही तो नंतर खाल्लाही, आमटीत टाकून.

सगळ्यांना माहीत होतं. मामाला, मामीला, दादांना, अमांना. तारेत सिरियस आलं की माणूस मेलं, हे मोठ्या माणसांना कुणी शिकवावं लागत नसे. मेलं असं तोंडावर कळवायचं नाही, कारण ऐकणारा वाटेत एकटा असतो, हाय खाईल. मला तेवढं एक शिकायचं राहिलं होतं, ते त्या दिवशी शिकले. पाचवी राहिली ती राहिलीच. आईबरोबर खडी उचलायला गेले, मग लग्न, मग अंबरनाथ, पॅकिंग.

तर त्या सोमवारी दवाखान्याच्या व्हरांड्यात विलास म्हणाला, "आई, दिक्षूला कळवायला पाहिजे. सिरियस आहे म्हणून टाक. उद्या पोचेल ती."

"जिवंत माणसाचं सिरियस लिहू?"

"अगं डॉक्टरच बोलतायत!"

"बोलू दे त्यांना. आपल्या घरातून तो शब्द जाणार नाही. आणि तिचे दोन पेपर राहिलेत. शुक्रवारी शेवटचा. शुक्रवारी निघाली तर शनिवारी येते."

"आणि शनिवारपर्यंत?"

"तू रक्ताचं बघ. मी कळवते तिला."

विलास माझ्यासमोर लहानपणापासून बोलू शकत नाही. हा त्याचा दोष आणि माझाही. तो रक्तपेढीत गेला. मी रेखाचा फोन घेतला आणि एक एक अक्षर शोधून लिहिलं: मम्मीला बरं नाही. दवाखान्यात ठेवलंय. काळजी करू नको. पेपर झाले की निघ.

लगेच उत्तर आलं. "काय झालं आजी? परवापासून मम्मी कॉल का घेत नाही? सिरियस नाही ना?"

मी त्या ओळीकडे बघत राहिले. आत रेखा कण्हत होती, म्हणजे होती. मी लिहिलं, नाही.

शब्दाची भीती होती हे खरं, पण ते अर्धं. उरलेलं अर्धं असं की मला तिचे पेपर व्हायला हवे होते. माझी पाचवी एका तारेनं गेली. नातीचं सेमिस्टर तसंच जावं हे मला सहन होत नव्हतं. रेखानं तोंडानं मागितलं होतं, दिक्षूला बोलाव. मी ते ऐकलं होतं, आणि तिच्या मागण्यापेक्षा मी दोन पेपर मोठे धरले. लोक मला नंतर म्हणाले, तुम्ही पोरीच्या भल्यासाठी केलंत. मी त्यांच्यापुढे कप ठेवले. ते चहा प्यायला आले होते.

दीक्षानं बुधवारचा पेपर दिला. तिकडे ती पेपरला बसली त्याच्या थोडं आधी, आमच्या सकाळी अकराच्या सुमाराला, रेखा गेली. मी तिच्या पायाला हात लावून बसले होते. पाय आधी गार झाले.

विलास जिन्यात बसून रडत होता. मी त्याच्या हातातून रेखाचा फोन घेतला. माझ्या हातानं जे लिहिलं ते आमच्या घरातले हात नेहमी लिहीत आले तेच होतं. मम्मी सिरियस आहे. लगेच निघ.

विलासनं वाचलं. "आई, तिला कळणार नाही."

"कळेल. सगळ्यांना कळतं."

पेपर देऊन बाहेर आल्यावर तिनं ते वाचलं आणि फोन केला, तो मी घेतला नाही. विलासनं घेतला. "मामा, आयसीयूत आहे का?" असं विचारत होती. तो म्हणाला, "तू ये बाळा." त्यालाही मेली म्हणता आलं नाही. मला वाटलं तिला समजलं असेल, नाहीतर अजून काही विचारलं असतं. ती काही विचारत नव्हती कारण तिकीट शोधत होती. विमानात बसायच्या आधी तिचा शेवटचा मेसेज आला: "आजी, मम्मीला सांग मी निघालेय. कानात सांग. बेशुद्ध माणसाला ऐकू येतं."

तो वाचला तेव्हा मला कळलं की तिला कळलेलं नाही. तेव्हा ती आकाशात होती. आणि कानात सांगायला मला शवागारात कोण सोडणार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी विलास तिला आणायला विमानतळावर गेला. दवाखान्याच्या मागं शवागार आहे, त्याच्यासमोर बदामाचं झाड आहे, तिथं मी बसले होते. आमच्या बिल्डिंगमधल्या दहाबारा बायका पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या. दीक्षाला थेट घरी न्यायचं, तिथं मी सांगायचं, मग तिला घेऊन सगळ्यांनी यायचं, असं मीच ठरवलं होतं आणि त्यासाठी मी घरी थांबायला हवं होतं. पण मला रेखाला एकटं ठेववेना. विलासचा फोन आला की विमान येऊन तास झाला, ती दिसत नाही, तिचा फोन लागत नाही. तिचं इथलं सिमकार्ड बंद पडलं होतं. तिनं विलासची वाट बघितली नव्हती. टॅक्सी केली आणि सरळ दवाखान्यात आली. तिच्या दृष्टीनं बरोबरच होतं. सिरियस माणूस दवाखान्यात असतं, घरी कशाला जायचं?

वर वॉर्डात ती नाव सांगत काउंटरला गेली. तिथल्या बाईनं रजिस्टर बघून सांगितलं, "ती पेशंट तर काल वारली ना. नातेवाईक खाली मागच्या बाजूला असतील." हे मला तिनंच नंतर सांगितलं, एकदाच, काहीही न वाढवता.

मला आधी चाकांचा आवाज आला. ब्लॉकवरून बॅग खडखडत येत होती. मग ती कोपऱ्यावरून वळली. उन्हात अंगावर ते जाड जाकीट, डोक्यावर टोपी तशीच. बायकांनी तिला बघून रडायला सुरुवात केली. ती त्यांच्यामधून वाट काढत माझ्यासमोर आली आणि बॅग उभी केली.

"आजी, तू सिरियस लिहिलंस."

मी तिच्या बॅगेची मूठ धरायला गेले, तिनं ती मागं घेतली.

"सिरियस म्हणजे सिरियस असतं, आजी."

"आमच्यात नसतं," मी म्हटलं. तेवढंच सुचलं.

तिनं खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर धरला. "सोमवारी मी विचारलं, सिरियस नाही ना? तू लिहिलंस, नाही. बुधवारी तू लिहिलंस, आहे. मंगळवारी काय होतं?"

"मंगळवारी ती होती."

"मी सोमवारी निघाले असते तर मंगळवारी इथं असते."

"हो."

"तिनं माझ्याबद्दल विचारलं होतं?"

त्या वेळी मी खोटं बोलू शकत होते. बायका रडत होत्या, कुणी ऐकतही नव्हतं. मी म्हटलं, "तुला बोलाव म्हणाली होती. घरी असताना."

ती तिथंच बॅगेवर बसली. तिनं टोपी काढली, आणि मग जाकीट, आणि ते मांडीवर घेऊन त्याची घडी करत राहिली, परत परत, जसे दादा तारेची करत होते.

पुढचं सगळं रीतीप्रमाणं झालं. वंदना झाली, त्रिसरण पंचशील झालं. आगीपाशी ती विलासच्या बाजूला उभी राहिली, माझ्या नाही. घरी आल्यावर पहिल्यांदा तिनं स्टूल घेतलं, पिवळा बल्ब काढला, ट्यूब लावली. त्या पांढऱ्या उजेडात आम्ही दोघी जशा होतो तशा दिसलो. दोन महिने ती माझ्याशी कामापुरतं बोलली. पाणी आलं, गॅस संपला, दार लावून घे.

तिच्या पोलंडच्या मास्तरांनी राहिलेला पेपर पुढे घेतला, कॉम्प्युटरवर, तोंडी. ओट्याशी स्टूल घेऊन ती बसली, मी मागं लसूण सोलत होते. ती इंग्रजीत बोलत होती. मधे एकदा थांबली, मला वाटलं अडली, पण तिनं त्यांना काहीतरी उलटं विचारलं आणि पलीकडून मास्तर हसले. पास झाली. सेमिस्टर पूर्ण झाल्याचं सर्टिफिकेट पोस्टानं आलं ते तिनं उघडलंही नाही, माळ्यावरच्या पिंपात टाकलं. मला जे हवं होतं ते झालं, हे मी इथं लिहून ठेवते. ते कशाच्या बदल्यात झालं तेही वर लिहिलेलं आहे.

आता ती पुन्हा तिकडेच आहे, दोन वर्षांच्या शिक्षणाला. जाताना चटण्या घेतल्या. दर रविवारी साडेसातला फोन येतो. कशी आहेस, असं ती विचारत नाही. "शुगर किती? बीपी किती? आकडा सांग. रिपोर्टचा फोटो पाठव." मी बरी आहे म्हटलं तर म्हणते, "ते राहू दे." माझ्या शब्दावर ती भरवसा ठेवत नाही, आणि तिचं बरोबर आहे. मी मशीनवरचा आकडा वाचून दाखवते.

गेल्या महिन्यात मी या वहीतून एक पान फाडलं. मी मेले की विलासनं तिला काय कळवायचं ते त्यावर लिहिलं. आधी लिहिलं, आजी गेली. मग वाटलं, गेली म्हटलं तर ती विचारेल, कुठं? आणि तो प्रश्न बरोबर असेल. ते खोडलं आणि खाली दुसरं लिहिलं. विलासला दाखवलं तर तो म्हणाला, "आई, असं कोण लिहितं?" मी म्हटलं, मी लिहिते, तू फक्त पाठवायचं, यातलं अक्षर बदलायचं नाही.

रविवारी फोन आला तेव्हा आकडे सांगून झाल्यावर मी तो कागद फोनसमोर धरला. "मामाकडून तुला एक दिवस हे येईल. एवढंच येईल. हे येत नाही तोवर मी आहे, आणि आलं की नाही. मधलं काही नाही."

कागदावर होतं: आजी मेलि. सावकाश ये.

ती वाचत राहिली. तिच्या मागं खिडकीत अंधार पडत होता. मला वाटलं फोन अडकला. मग ती म्हणाली, "वेलांटी चुकलीय. दुसरी दे."

मी पेन शोधून आणलं, कागद माठावर ठेवला आणि दुसरी वेलांटी दिली. परत तिला दाखवलं.

"आता बरोबर," ती म्हणाली.